उन्हात ठेवलेली लेन्स आणि चिकटलेली पाती: सुपर-टाकुमार ५५ मिमी एफ/१.८ चं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नागपुरातल्या एका शाळेतल्या चित्रकला शिक्षकांकडे वडिलांच्या वेळचा असाही पेंटॅक्स स्पॉटमॅटिक आहे. १९६४ साली बाजारात आलेलं हे मॉडेल. त्याच्यासोबत एम-४२ आट्यांची, म्हणजे स्क्रूसारखी फिरवून बसवायची, सुपर-टाकुमार ५५ मिमी एफ/१.८ लेन्स आहे. सहा काचा, प्रकाशाचं भोक म्हणजे ॲपर्चर लहान-मोठं करणारी सहा पाती, एफ/१.८ (सगळ्यात मोठं भोक) ते एफ/१६ (सगळ्यात लहान). कॅमेरा बरीच वर्षं कपाटात पडून होता. सरांनी तो पुन्हा वापरात काढला आणि ४०० आयएसओच्या कृष्णधवल फिल्मचे दोन-तीन रोल काढले. निकाल चांगले आले.

लेन्समधून पाहिलं की सगळं किंचित चहाच्या रंगाचं दिसायचं. या लेन्सच्या बऱ्याच नगांत थोरियम असलेली काच आहे, आणि थोरियमच्या किरणोत्सर्गाने ती काच वर्षानुवर्षांत पिवळी पडते. अतिनील प्रकाश मिळाला की पिवळेपणा बराच उतरतो. हा उपाय सर्वश्रुत आहे आणि खराही आहे. सरांनी तो एप्रिल-मे महिन्यात केला. लेन्स ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये बसवली, तोंड सूर्याकडे केलं आणि रोज चार-पाच तास गच्चीवर, असे तीन आठवडे ठेवली. पिवळेपणा निम्म्याने कमी झाला. लेन्स परत कपाटात गेली.

डिसेंबरात शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या तयारीचे फोटो काढायला कॅमेरा बाहेर आला. अडचण तेव्हा कळली.

अडचण कशी दिसली

रोल धुऊन आला तेव्हा निम्म्या निगेटिव्ह काळ्याकुट्ट होत्या, म्हणजे फिल्मवर प्रकाश गरजेपेक्षा जास्त पडला होता. सरांना प्रत्येक फ्रेमचं ॲपर्चर आणि शटर वहीत लिहून ठेवायची सवय आहे, ती इथे फार कामाला आली. वर्गात एफ/१.८ ते एफ/२.८ वर काढलेल्या फ्रेम व्यवस्थित होत्या. मैदानात एफ/८ वर काढलेल्या जड, आणि एफ/११ व एफ/१६ च्या तर छापण्यापलीकडे गेलेल्या. ॲपर्चर जितकं लहान, तितकी चूक मोठी.

पहिला संशय प्रकाश मोजणाऱ्या मीटरवर गेला. स्पॉटमॅटिकचं मीटर ब्रिज सर्किटवर चालतं, त्यामुळे जुन्या पाऱ्याच्या सेलऐवजी सिल्व्हर ऑक्साइड सेल घातला तरी फारसं बिघडत नाही. मोबाइलवरच्या मीटरशी ताडून पाहिलं तर दोन्ही आकडे जुळले. दुसरा संशय शटरवर. पण शटर रेंगाळत असतं तर उघड्या ॲपर्चरच्या फ्रेमही जड आल्या असत्या.

या प्रकरणातली सगळ्यात फसवी गोष्ट इथेच आहे. स्पॉटमॅटिकमध्ये मोजमाप ॲपर्चर मिटवून होतं: बाजूची कळ वर सरकवली की लेन्स ठरलेल्या आकड्यापर्यंत मिटते आणि सुई त्या प्रकाशाला वाचते. सुईकडे बघण्यात दोन-तीन सेकंद जातात, तेवढ्या वेळात चिकट पातीही सावकाश का होईना मिटतात. मीटर खरं तेच सांगतं. मग बटण दाबलं की आरसा वर जातो, लेन्सच्या मागची, पाती मिटवणारी पिन आत ढकलली जाते आणि शटरचा पडदा सुटतो. या सगळ्याला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. पाती अर्ध्या वाटेवर असतानाच फिल्मवर प्रकाश पडून मोकळा होतो. मोजलं एफ/१६ ला आणि काढलं जवळजवळ एफ/४ ला, म्हणजे चार स्टॉप (सोळापट प्रकाश) जास्त.

लेन्स काढून हातात घेतली तेव्हा संशय उरला नाही. लेन्सवरची ए/एम कळ 'ए'वर ('ए' म्हणजे पिन दाबली की पाती आपोआप मिटतात, 'एम' म्हणजे हाताने), रिंग एफ/१६ वर, आणि मागची पिन बोटाने दाबली. निरोगी लेन्समध्ये पाती डोळ्याला न दिसता टचकन मिटतात. इथे ती डोळ्यांदेखत, झोपेतून उठल्यासारखी सरकत होती. मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमच्या गतीने चित्रीकरण केलं. सकाळच्या थंडीत पाती पूर्ण मिटायला सत्तरेक फ्रेम, म्हणजे जवळपास ०.३ सेकंद. दुपारी तीच लेन्स चाळिसेक फ्रेममध्ये मिटली. थंडीत मंद आणि उबेत थोडी जलद, हे तेलाचं लक्षण. स्प्रिंग तुटली किंवा पातं वाकलं असतं तर हवामानाने इतका फरक पडला नसता.

तेल आलं कुठून

पात्यांना तेल लागतच नाही. ती कोरडी चालावीत अशीच बनवलेली असतात. पोलादाची ही पातळ पानं एकमेकांवर बसून सरकतात आणि त्यांना मिटवायला एक अगदी हलकी स्प्रिंग असते. दोन पानांमध्ये तेलाचा पापुद्रा आला की ओल्या काचा एकमेकींना धरतात तशी ती धरून बसतात. स्प्रिंगचं बळ त्यांना सोडवण्यातच संपतं.

हे तेल फोकस रिंगखालच्या हेलिकॉइडच्या, म्हणजे फोकस करताना काचा पुढे-मागे नेणाऱ्या आट्यांच्या, ग्रीसमधलं. ग्रीस म्हणजे साबणासारख्या घट्ट जाळीत धरून ठेवलेलं तेल. उष्णतेत जाळी सैलावते आणि तेल वेगळं होतं. लोणच्यावर तेल सुटतं तसंच. सुटलेलं तेल धातूच्या पृष्ठभागावरून पसरत जातं, आणि सगळ्यात चिंचोळी फट जिथे असेल तिथे ओढलं जाऊन थांबतं. लेन्समध्ये अशी फट पात्यांचीच. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. फॉइलमध्ये धरलेली काळी धातूची नळी त्याहून कितीतरी तापते. अर्धशतक जुन्या ग्रीसला तीन आठवडे असं तापवलं, वर लेन्स आडवी-तिरपी ठेवली. काचेचा पिवळेपणा घालवण्याच्या उपायानेच पाती बिघडवली, असा निष्कर्ष काढायला पुरेसा आधार होता: उन्हाळ्याआधीच्या रोलमध्ये एफ/११ च्या फ्रेम नीट होत्या.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय बिनखर्चाचा. कळ 'एम'वर ठेवायची. मग पिनेची वाट न बघता रिंग फिरवली की पाती मिटतात आणि मिटायला हवा तेवढा वेळ मिळतो. व्ह्यूफाइंडर काळोखा होतो, म्हणून फोकस एफ/१.८ वर करून मग रिंग फिरवायची. हेलिओस ४४-२ सारख्या प्रीसेट लेन्सची पाती तेलकट असली तरी लोक वर्षानुवर्षं बिनधास्त वापरतात, ते याचमुळे: तिथे पाती हातानेच फिरतात. सुपर-टाकुमारमध्ये मात्र हा कायमचा उपाय नाही. तेल दाट होत जातं, आणि एक दिवस जोर लावताना पात्याची खिळी निघते किंवा पातं दुमडतं.

दुसरा: पुढचा काचांचा गट काढून पाती जागेवरच लायटर फ्लुइडने धुणं. तासाभराचं काम.

तिसरा: पाती सुटी करून एकेक स्वच्छ करणं. त्यासोबत चौथा: हेलिकॉइड उघडून जुनं ग्रीस काढणं आणि नवं भरणं. मूळ झरा बुजवायचा तर हाच मार्ग, पण यात लेन्सचं अनंत अंतराचं फोकस बिघडायची शक्यता असते.

पाचवा: मुंबईच्या बोरा बाजारात कारागिराकडे पाठवणं. सहावा: तीच लेन्स दुसरी घेणं. सुपर-टाकुमार ५५ मिमी दुर्मिळ नाही, पण ही वडिलांची होती, त्यामुळे सहाव्याचा विचार लगेच सोडला.

स्नेहसंमेलन दहा दिवसांवर होतं. पहिला निर्णय घाईने ठरवला: दुसरा पर्याय. खरं तर त्या दहा दिवसांसाठी 'एम' कळ पुरेशी होती आणि लेन्स उघडायची गरजच नव्हती.

पहिला प्रयत्न: जागेवर धुणं

नाव कोरलेली पुढची कडी आट्यांवर असते आणि तिला खाच नसते. सायकलच्या ट्यूबचा तुकडा एका रुंद झाकणावर ताणून, कडीवर दाबून फिरवला की ती निघते. खाली फिल्टरची कडी धरणारे तीन बारीक स्क्रू. इथे साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर घसरतो आणि स्क्रूचं डोकं खाऊन टाकतो. जपानी लेन्सला जेआयएस (जपानी मानक) घडणीचाच लागतो. त्यानंतर काचांचा पुढचा गट फिरवून बाहेर आला आणि पाती समोर दिसली. सहापैकी चार पात्यांवर पेट्रोलच्या डबक्यावर दिसते तशी इंद्रधनुषी झाक होती.

कापसाची काडी लायटर फ्लुइडमध्ये बुडवून पाती ओली करायची, ॲपर्चर वीस-तीस वेळा उघडमीट करायचं, कोरड्या काडीने टिपायचं. पहिली काडी करडी-तपकिरी निघाली, सहावी स्वच्छ. पाती टचकन मिटू लागली: २४० च्या गतीत सहा फ्रेम.

द्रवाची निवड बरोबर होती. रॉकेल नको, ते मागे तेलकट थर ठेवतं. पंपावरचं पेट्रोलही नको. ॲसिटोन आणि थिनर रंग व प्लास्टिक खातात. गंज सोडवायच्या फवाऱ्यांत तेलच असतं, ते मारणं म्हणजे दुखणं विकत घेणं. लायटर फ्लुइड उडून जातं आणि जवळजवळ काही ठेवत नाही. ते भडकतं मात्र सहज, म्हणून खिडक्या उघड्या, आणि त्या खोलीत गॅस, उदबत्ती, निरांजन काहीही पेटलेलं नको.

चूक अशी झाली की मागचा गट काढला नाही. पात्यांमधून झिरपलेला, तेल विरघळलेला द्रव मागच्या काचेवर उतरला आणि वाळल्यावर तिथे धुरकट वर्तुळ उरलं. ते दोन दिवसांनी टॉर्चच्या प्रकाशात दिसलं.

तीन आठवड्यांनी

स्नेहसंमेलनाचे फोटो नीट आले. जानेवारीच्या मध्यात पुन्हा चित्रीकरण केलं तेव्हा पाती वीसेक फ्रेमवर गेली होती. अजून काठावर, पण दिशा स्पष्ट.

दोन कारणं. पात्यांचा जो भाग एकमेकांखाली झाकलेला असतो, तिथे काडी पोचत नाही. द्रव तिथलं तेल पातळ करतो, संपवत नाही. पात्यांखालच्या कडीच्या खाचांतही तेल होतंच. दुसरं कारण अधिक मोठं: हेलिकॉइड ओलंच होतं. फोकस रिंग फिरवताना ती लोण्यातून फिरल्यासारखी हलकी आणि मध्येच कोरडी, खरखरीत लागत होती. ग्रीसमधलं तेल निघून गेल्याची ही खूण बोटांना आधीच लागली होती, पण त्या वेळी लक्ष सगळं पात्यांकडे होतं.

दुसरा निर्णय या टप्प्यावर घेतला: पुन्हा धुवायचं नाही, पूर्ण उघडायचं. काम इतवारीतल्या एका घड्याळजींच्या टेबलावर झालं. त्यांनी लेन्स पूर्वी उघडल्या होत्या, आणि चिमटे, भिंग व संयम तिन्ही त्यांच्याकडे होतं. त्यांनी आधी तेलाची बाटली टेबलावरून उचलून बाजूला ठेवली आणि सरांना सांगितलं की घड्याळाला थेंबभर लागतं, याला तेवढंही नको.

दुसरा प्रयत्न: पाती सुटी करणं

सुटे भाग ठेवायला स्टीलचा मिसळणाचा डबा घेतला होता. सात वाट्या, प्रत्येक टप्प्याचे स्क्रू एका वाटीत, घड्याळाच्या दिशेने. प्रत्येक टप्प्याला मोबाइलने फोटो. या वेळी पुढचा आणि मागचा, दोन्ही गट काढून, काचा खाली न टेकवता, कागदात गुंडाळून बाजूला ठेवल्या.

ॲपर्चर रिंग सोडवताना व्हायचं ते झालं. रिंगखाली टकटक देणारी पोलादी गोळी असते, मोहरीहून लहान, आणि तिच्यामागे स्प्रिंग. रिंग उचलताच गोळी उडाली. टेबलाखाली लोहचुंबक फिरवून पंधरा मिनिटांनी सापडली. हे काम मोठ्या पारदर्शक पिशवीत हात घालून करायचं असतं.

मग पाती. प्रत्येक पात्याला दोन टोकांना दोन खिळ्या: एक खालच्या स्थिर कडीच्या भोकात बसते, दुसरी विरुद्ध अंगाला, फिरत्या कडीच्या तिरप्या खाचेत. पाती काढण्याआधी कोणतं अंग वर आहे याचा जवळून फोटो घेतला आणि ती एकामागून एक क्रमाने ठेवली. लायटर फ्लुइड भरलेल्या झाकणाच्या बरणीत दहा मिनिटं भिजवली. नंतर एकेक पातं खिळीच्या टोकाला चिमट्याने धरून, लेन्स पुसायच्या कागदाच्या घडीतून फक्त एका दिशेने ओढलं. आडवं पुसलं तर पातं दुमडतं, आणि दुमडलेलं पातं पुन्हा सपाट होत नाही. वरचा काळा थर घासायचा नाही. एका पात्यावर गंजाचा टाचणीएवढा ठिपका होता, तो तसाच ठेवला. घासला असता तर उघडं पोलाद अजून गंजलं असतं. शेवटी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून काढली आणि वाटीखाली झाकून अर्धा तास वाळू दिली. कडीच्या खाचा टोक काढलेल्या टूथपिकने साफ केल्या. हातात नायट्राइलचे मोजे होते, कारण बोटाचा ठसा म्हणजेही तेलच.

पाती परत बसवणं हे सगळ्यात नाजूक काम. पाच पाती एकावर एक टेकत बसतात. सहावीचं एक टोक पाचवीवर आणि दुसरं पहिलीखाली सरकवावं लागतं. पहिलं पातं चिमट्याने केसभर उचललं की बाकीची हलतात. चौथ्या खेपेला जमलं.

हेलिकॉइड

आटे सोडवण्याआधी फोकस रिंग अनंतावर ठेवून नळ्यांवर सुईने खुणेची रेघ मारली. आटे सुटतात नेमक्या त्या क्षणी दुसरी रेघ. ही दुसरी रेघ विसरली तर पुढे खेळ होतो, कारण हेलिकॉइडला आट्यांची अनेक तोंडं असतात आणि चुकीच्या तोंडातूनही नळी गुळगुळीत आत जाते. इथे रेघ मारली होती, तरी पहिल्यांदा शेजारच्या तोंडात गेली. रिंग अनंताच्या आधीच थांबू लागली तेव्हा कळलं.

जुनं ग्रीस मेणासारखं तपकिरी झालं होतं. दात घासायच्या जुन्या ब्रशने आणि लायटर फ्लुइडने ते पूर्ण काढलं. नवं ग्रीस लेन्ससाठीचं, तेल कमी सोडणारं सिंथेटिक. पूर्ण हेलिकॉइडला दोन मुगाच्या दाण्यांएवढं, आटे नुसते ओलसर दिसतील इतकं. सायकलचं ग्रीस किंवा व्हॅसलीन घातलं असतं तर पुढच्या उन्हाळ्यात हीच गोष्ट पुन्हा झाली असती. मागच्या काचेवरचं धुरकट वर्तुळ अल्कोहोलच्या दोन फेऱ्यांत गेलं. थोरियमची काच हाताळायला हरकत नसते, पण ती घासू किंवा खरवडू नये.

तपासणी आणि निष्पत्ती

आधी डोळ्याने: एफ/१६ वर षटकोनाच्या सहाही बाजू सारख्या, एफ/१.८ वर एकही पातं आत डोकावत नाही. मग अनंत: फिल्म न घालता कॅमेऱ्याची पाठ उघडली, फिल्मच्या पट्ट्यांवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवला, शटर 'बी'वर (बटण दाबलेलं असेतो उघडं) धरलं आणि गच्चीवरून सेमिनरी हिल्सच्या टीव्ही टॉवरचं त्या कागदावर पडलेलं चित्र भिंगातून पाहिलं. रिंग थोडी मागे राहत होती. ती सैल करून जुळवली.

शेवटी फिल्मवर. १०० आयएसओचा रोल, एकसारखी हलकी ढगाळ दुपार, पांढरी भिंत. एफ/४ ला १/१०००, एफ/५.६ ला १/५००, एफ/८ ला १/२५०, एफ/११ ला १/१२५, एफ/१६ ला १/६०. पाच फ्रेम 'ए'वर आणि त्याच पाच 'एम'वर. शटरमध्ये दोष असेल तर तो दोन्ही ओळींत सारखा दिसेल. 'ए' आणि 'एम' यांच्यात फरक पडला तर तो पात्यांचा. दहाही निगेटिव्ह लाइटबॉक्सवर शेजारी ठेवल्या, तेव्हा 'ए' आणि 'एम'च्या जोड्या एकसारख्या करड्या होत्या. चित्रीकरणात पाती पाच फ्रेममध्ये मिटली. पुढच्या डिसेंबरच्या थंड सकाळीही पाचच.

काय वेगळं करता आलं असतं

'ए' आणि 'एम'ची जोडचाचणी पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती. दोन फ्रेम खर्च झाल्या असत्या, मीटर आणि शटरवरच्या संशयात गेलेले चार दिवस वाचले असते. स्नेहसंमेलन 'एम'वर निभावलं असतं तर लेन्स दोनदा उघडावी लागली नसती आणि मागच्या काचेवर डागही पडला नसता.

जागेवर धुणं हा उपाय वाईट नाही. फोकस रिंग नीट, एकसारखी दाट लागत असेल, तेल एखाद-दुसऱ्या पात्यावरच असेल आणि दोन्ही बाजूंच्या काचा काढल्या असतील, तर तो वर्षानुवर्षं टिकतो. फोकस रिंगने हेलिकॉइड बिघडल्याचं सांगितलं असताना तो केला, ही इथली चूक.

पिवळेपणासाठी ऊन वापरायचंच असेल तर हिवाळ्यातलं, तेही थोडा थोडा वेळ. त्याहून बरं म्हणजे न तापणारा अतिनील एलईडी दिवा, सावलीत, लेन्स उभी ठेवून, दिव्याकडे थेट न बघता. सरांनी उरलेला पिवळेपणा तसाच राहू दिला. ते कृष्णधवल फिल्मच वापरतात. तिच्यावर ती काच फिकट पिवळ्या फिल्टरचं काम करते आणि लेन्समधून वाचणारं मीटर तो प्रकाश आपोआप धरून घेतं. लेन्स आता आतल्या खोलीत कपाटाच्या खालच्या कप्प्यात, मागच्या झाकणावर उभी असते. दर महिन्याला झाकण काढून पिन दहा वेळा दाबायची आणि पाती टचकन मिटतात का बघायचं, एवढीच तिची निगा.